आठळीवरचे डोळे

आमच्या आत्याबाई बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघत नसत, एका डोळ्यात बघत. आधी डावा, मग बऱ्याच वेळाने उजवा. समोरच्याला वाटे, आपल्या डोळ्यात कुसळ गेलंय. लग्न होऊन मी या घरात आले, माप ओलांडून पाऊल आत टाकते न टाकते तोच त्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या डाव्या डोळ्यात बघत बसल्या. मी घाबरून पदराने डोळा पुसला. लग्नाच्या एका फोटोत माझा डावा गाल काजळाने काळा झालेला आहे, तो त्यामुळे.

पुढे जरा धीटपणा आल्यावर मी विचारलंच, "आत्याबाई, तुम्ही एकाच डोळ्यात काय बघता हो?"

"डावा डोला खरा बोलतो ग बाय," त्या म्हणाल्या. "उजवा पावन्यांसाटी असतो."

मी खेडच्या बाजारपेठेत वाढलेली, असल्या गोष्टींवर चटकन विश्वास ठेवणाऱ्यातली नव्हे. पण त्या दिवशी कपाटाच्या आरशापुढे उभी राहून मी माझे दोन्ही डोळे तपासून पाहिले. उजवा खरोखरच जरा जास्त सोज्वळ निघाला.

रत्नागिरीहून लांज्याकडे जाताना हमरस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. घरात माणसं तीनच. माझे सासरे अण्णा, त्यांची धाकटी बहीण म्हणजे आत्याबाई, आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आमचे हे मुंबईला नोकरीला, ते गणपतीला आणि शिमग्याला तेवढे उगवायचे. मी रोज एसटीने रत्नागिरीला एका पतपेढीत कामाला जात असे. घराच्या लांबलचक पडवीत अण्णांची गणपतीची शाळा होती. आमच्या भागात गणपती घडवतात त्या जागेला शाळाच म्हणतात. नागपंचमीच्या सुमाराला वाडीवाडीतली माणसं आपापल्या घरचा लाकडी पाट आणून देतात आणि त्या घरचा गणपती त्या पाटावरच घडतो. पाटाखाली रंगाने घरवाल्याचं नाव लिहिलेलं असतं. बाजारात आता तयार मूर्ती मिळतात, मोबाइलवर फोटो बघून लोक ठरवूनही टाकतात, पण आमच्या पडवीतली पाटांची रांग काही आखूड झाली नाही.

आत्याबाईंना नाव नव्हतं. म्हणजे होतं, वापरात नव्हतं. माहेरचं नाव लग्नात बदललं. सासरचं नाव होतं ते, नवऱ्याने मुंबईत दुसरा संसार मांडून यांना ट्रंकेसकट परत पाठवलं तेव्हा, तिकडेच राहिलं. परत आलेल्या बहिणीला कुठल्या नावाने हाक मारावी हे अण्णांना उमगलं नसावं. माझे यजमान तेव्हा रांगत होते, त्यांच्या नात्याने त्या 'आत्या' झाल्या. पुढे अण्णांच्याही आत्या झाल्या आणि सगळ्या गावाच्याही. मी त्याला 'बाई' जोडलं, एवढीच माझी भर.

लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात चुलीमागच्या फळीवरचा एक पत्र्याचा डबा मी उघडला आणि किंचाळले. आत फणसाच्या वाळवलेल्या आठळ्या होत्या. प्रत्येक आठळीच्या पांढऱ्या सालीवर एकेक डोळा काढलेला होता आणि ते सगळे डोळे माझ्याकडे बघत होते. एक रागावलेला, एक झोपेतून उठलेला, एक तर चक्क अण्णांचा.

"बोंबलू नको," आत्याबाई मागून म्हणाल्या. "भाजल्यावर मिटतत सगले."

त्यांनी मूठभर आठळ्या निखाऱ्यांत लोटल्या. साल काळी पडली, डोळे गेले, आणि आम्ही त्या सोलून मिठाबरोबर खाल्ल्या. हा उद्योग त्या या घरात परत आल्यापासून करत होत्या. शाळेत बाईमाणसाने शाडू मळायचा, खडे काढायचे, सफेदा लावायचा. आखणी, म्हणजे भुवया, नखं आणि मुख्य म्हणजे डोळे, ही अण्णांची. अण्णांचे डोळे बघायला पार हेदवीकडची माणसं येऊन जात. मग आत्याबाईंनी दिवसभर चिखल तुडवून झाल्यावर चुलीपुढे बसायचं, काजळी कालवायची, आणि केसांच्या ब्रशाने आठळ्यांवर हात बसवायचा. कागद का नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "कागूद ऱ्हातो. कोनतरी बगतो. आठली पोटात जाते."

माझ्या लग्नाच्या आदल्याच वर्षी अण्णांचा हात थरथरायला लागला होता. चतुर्थी तोंडावर आलेली, पडवीभर बिनडोळ्यांचे गणपती, आणि अण्णा ब्रश टेकवायचे, उचलायचे. आत्याबाई शाडूचे हात धुऊन आल्या, "दे हिकडं" म्हणाल्या आणि ब्रश काढून घेतला. त्या वर्षापासून डोळे त्यांचे. पण गावाला सांगायचं कसं? म्हणून पडवीच्या टोकाला चटई टांगली. चटईच्या आत आत्याबाई डोळे काढायच्या आणि चटईच्या बाहेर अण्णा कोरडा ब्रश हातात धरून बसायचे. मूर्ती न्यायला आलेली माणसं अण्णांपुढे विडा आणि नारळ ठेवत, "अण्णा, यंदा डोलं काय काडलंव!" म्हणत. अण्णा मान हलवत. मग नारळ आत येई आणि चटईपाशी ठेवून अण्णा म्हणत, "वड्या कर." बहिणीचा मान तिच्यापर्यंत असा गुळाच्या पाकातून पोचायचा. मला मनातून चीड यायची. आत्याबाई वड्या थापायच्या आणि पहिली वडी मला द्यायच्या.

त्यांची काम करायची एक रीत होती. मूर्तीकडे न बघता त्या आधी पाटाकडे बघत. पाटावरचे मेणाचे डाग, कुंकू, एखाद्या पोराने खिळ्याने मारलेली रेघ. पाट कोणाचा हे कळलं की डोळे मिटून बसत. आणि मग त्या घरातल्याच कुणाची तरी नजर त्या गणपतीला येई. कधी घरच्या म्हातारीची, कधी लग्न होऊन गेलेल्या लेकीची. खालच्या वाडीतल्या एका बाईचा तरणा मुलगा बोटीवरून परत आला नव्हता. त्या वर्षी तिने गणपतीच्या तोंडावरचं फडकं बाजूला करून बघितलं आणि मूर्तीची दोन्ही पावलं धरून खाली बसली. सगळ्यांना वाटलं, भक्तीने. एका घरात सगळ्यांनाच जरासा तिरळेपणा होता. आत्याबाईंनी त्यांचा गणपतीही किंचित तिरळा काढला. मी म्हटलं, आता बोलणी खावी लागणार. काही नाही. ते कुटुंब आनंदाने मूर्ती घेऊन गेलं, त्यांना त्यात वावगं असं काही दिसलंच नाही.

चटईआडचं हे गुपित फुटलं ते दोन भावांच्या पाटांमुळे. भावांची वाटणी झाली तेव्हा जुना पाट कोणाकडे जाणार यावरून तंटा झाला. शेवटी दोघांनी एकाच फळीतून दोन नवे पाट करून घेतले, अगदी हुबेहूब. पाटाखाली नाव रंगवायचं मात्र राहून गेलं, कारण दोघांनाही वाटलं, दुसरा रंगवील. कोणता पाट कोणी आणून ठेवला हे एकट्या आत्याबाईंनी बघून ठेवलं होतं. हरतालिकेच्या दिवशी थोरला भाऊ झांजा वाजवत आला आणि तोंडावर फडकं टाकून गणपती डोक्यावर घेऊन निघाला. मागून त्याची म्हातारी आई. व्हाळावरच्या साकवावर, ओढ्यावरच्या त्या अरुंद पुलावर, वाऱ्याने फडकं उडालं. म्हातारी थबकली. "ह्यो आपला न्हवं," ती म्हणाली. "आपल्या घरात असा कोन बगत नाय."

एकदा निघालेला गणपती मागे फिरवू नये. पण म्हातारी ऐकेना. सगळी मिरवणूक झांजा बंद करून परत आली. धाकट्याचा गणपती अजून पडवीतच होता. दोन्ही शेजारी ठेवले. थोरल्याने विचारलं, "अण्णा, आमचा कोनता?"

अण्णांनी दोन्ही मूर्तींकडे बघितलं. मग पुन्हा बघितलं. हातात तो कोरडा ब्रश. मूर्ती त्यांनीच घडवल्या होत्या, पण अंग, रंग, पितांबर सगळं सारखं होतं. फरक होता तो फक्त डोळ्यांत आणि डोळे त्यांनी काढलेले नव्हते. तेवढ्यात चटई सारून आत्याबाई बाहेर आल्या.

"ह्यो थोरल्याचा," त्यांनी पडवीतच राहिलेल्या मूर्तीकडे बोट केलं. "म्हातारी थोरल्याकडं ऱ्हाते म्हनून तिचं डोलं ह्येला. आनि तुमी नेल्लाव त्यो धाकट्याचा. तेला बापाशीचं डोलं हायत. धाकटा बापाशीचा लाडका व्हता ना."

कोणाला आणखी काही विचारावं लागलं नाही. म्हातारी पुढे आली, आपल्या नवऱ्याच्या डोळ्यांकडे एकदा नीट बघितलं, आणि कनवटीचा विडा काढून आत्याबाईंपुढे ठेवला. आत्याबाईंचे हात रंगाने भरलेले. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. अण्णांनी ब्रश खाली ठेवला आणि ते उठून परसात गेले. दुसऱ्या दिवशी चटई निघाली. आत्याबाईंनी तो विडा काही खाल्ला नाही, ट्रंकेत ठेवून वाळवला.

गणपती पाण्यात गेल्यावर एके दिवशी जेवताना आत्याबाई म्हणाल्या, "अण्णा, मला येक पाट हवा."

"कशाला?"

"माजा गनपती बसवायला."

अण्णांचा घास हातातच राहिला. "बाईमानसाचा गनपती नवऱ्याच्या घरात असतो," ते म्हणाले. "तुजा मुंबईत हाय."

हे ते दुष्टपणाने बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. सूर्य पूर्वेला उगवतो असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. आत्याबाईंनी ताटातला भात संपवला. मग भांडी घासताना, राखेने भरलेल्या हातांकडे बघत त्या मला म्हणाल्या, "सगल्या गावच्या पाटांवर मी बसवतंय ग. मी कंच्या पाटावर बसू?"

मी भांडकुदळ म्हणून सासरी आधीच प्रसिद्ध होते, तेव्हा आणखी बिघडायचं काही नव्हतं. पुढच्या शनिवारी पतपेढी अर्धा दिवस सुटल्यावर मी लांज्याला उतरले आणि सुताराकडून फणसाच्या लाकडाचा पाट करून आणला. पडवीत अण्णांच्या डोळ्यांदेखत ठेवला. अण्णांनी पाट बघितला, मला बघितलं आणि तंबाखू मळायला घेतली. ती आमच्या घरातली मोठ्यात मोठी परवानगी. आत्याबाईंनी पाटावरून हात फिरवला. खाली कुठलं नाव घालू, असं मी विचारलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "आदी डोलं गावूदेत."

कारण या गणपतीला डोळे कोणाचे, हा प्रश्न होता. त्या घरच्या माणसाचे, ही त्यांची रीत. त्यांच्या पाटावरचं घर म्हणजे त्या एकट्या. आणि स्वतःचे डोळे त्यांना माहीतच नव्हते. लग्न झालं त्या महिन्यात नवरा म्हणाला होता, हे तोंड कोण बघणार. तेव्हापासून त्यांनीही बघायचं सोडून दिलं होतं. त्यांच्या खोलीत आरसा नव्हता. केस त्या अदमासाने विंचरत, म्हणून त्यांचा भांग नेहमी वाकडा असे. मी इतकी वर्षं त्याला त्यांचा वेंधळेपणा समजत होते.

मग त्या दुपारी दुपारी माझ्या कपाटाच्या आरशापुढे बसायला लागल्या. पहिल्या दिवशी म्हणे त्यांनी आरशातल्या बाईला "बसा" म्हटलं. बाजूला आठळ्यांचा डबा, काजळीची वाटी. संध्याकाळी मी कामावरून आले की मला आठळ्या दाखवायच्या. "ही आये. ह्यो अण्णा. ही बग, ही तर तू." एकदा एक आठळी त्यांनी झटकन चुलीत टाकली. कोणाचा डोळा होता, मी विचारलं नाही. "समद्यांचं डोलं माज्या हातात येतत," त्या म्हणत, "माजंच येत नाय. मी काय नुसती समद्यांकडं बगायलाच जल्माला आलंय?" असं एक वर्ष गेलं. त्या वर्षी त्यांचा पाट रिकामाच राहिला. दुसरा पावसाळा आला. एक गोष्ट मात्र मी रोज बघत होते. त्यांचा भांग सरळ झाला होता.

त्या दुसऱ्या श्रावणातल्या एका शनिवारी मी लवकर घरी आले तर आत्याबाई दारातच उभ्या. त्यांनी माझा तळहात ओढून त्यावर एक आठळी ठेवली. डावा डोळा. पापणी किंचित उतरलेली, कडेला एक बारीक सुरकुती, आणि आत हसू लपवताना पकडल्या गेलेल्या माणसाची नजर. त्यात दुःख होतं, पण बिचारेपणा नव्हता. मी आठळीवरून वर बघितलं. तोच डोळा समोर होता.

"ही मी," आत्याबाई म्हणाल्या.

त्या दिवसासारख्या त्या मला कधी दिसल्या नाहीत. पासष्टीला टेकलेली बाई, पण मला म्हणाल्या, "मी बरी दिसतंय की ग." पडवीत त्यांच्या पाटावर मूर्ती पांढरीशुभ्र होऊन डोळ्यांची वाट बघत होती. उद्या सकाळच्या उजेडात आठळी समोर ठेवून तिला डोळे काढायचे, असं ठरलं. आठळी त्यांनी चुलीमागच्या फळीवर, डब्याच्या झाकणावर ठेवली आणि त्या विहिरीवर गेल्या. मी कपडे बदलायला आत गेले.

अण्णांना सर्दी झाली होती आणि तोंडाला चव नव्हती. परसातून ते आत आले, डबा उघडला, झाकणावरची आणि आतल्या मूठभर आठळ्या निखाऱ्यांत लोटल्या. या घराने वर्षानुवर्षं तेच केलं होतं. खमंग वास आला तशी मी बाहेर धावले. दारात आत्याबाई कळशी कमरेवर घेऊन उभ्या होत्या. अण्णा शेवटची आठळी सोलून तोंडात टाकत होते.

"बरी हाय," ते म्हणाले. "जराशी कडू."

आत्याबाईंनी कळशी खाली ठेवली आणि त्या हसायला लागल्या. "अण्णान मला खाल्लान ग! आनि वर कडू म्हनतोय!" त्या पोट धरून हसत होत्या. अण्णांना काही कळेना. मीही हसले. मग माझं लक्ष त्यांच्या डाव्या डोळ्याकडे गेलं आणि माझं हसू थांबलं.

"उद्या काडीन दुसरी," त्या म्हणाल्या. "आता काय, वलख झालीय."

दुसऱ्या दिवशी जमलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आरशावर धुरकट बसलंय म्हणून त्या तो पुन्हा पुन्हा पुसत होत्या. मी राखेने घासला, कागदाने घासला. आरसा लख्ख होता. मग माझ्या लक्षात आलं की त्या गेले कित्येक दिवस वाटीऐवजी वाटीशेजारी ब्रश बुडवत होत्या आणि आम्ही दोघी त्याला चुलीचा धूर म्हणत होतो. रत्नागिरीला डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेली ती नजर परत येणार नव्हती आणि उरलेलीही फार नव्हती. आत्याबाईंनी त्यांना एवढंच विचारलं, "चतुर्थीपावत ऱ्हाईल काय?"

त्या वर्षी त्यांनी गावाचे सगळे डोळे पुरे केले. नाक मूर्तीला टेकेल इतक्या जवळून. मी म्हणे, आधी तुमचा करा. त्या म्हणत, "मानसा वाट बगतायत. माजी वाट कोन बगतोय?" मी बघत होते. मी तसं म्हटलंही. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि पुढचा पाट ओढला.

हरतालिकेच्या सकाळी पडवी रिकामी झाली. झांजांचे आवाज लांब गेले. आत्याबाईंनी मला हातआरसा मागितला. उजेडाच्या बाजूला तोंड करून बसल्या, आरसा जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. त्यांचा भांग त्या दिवशी पुन्हा वाकडा होता.

"बाय," त्या म्हणाल्या, "आरशात कोन नाय ग."

मला रडू आवरेना. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी काढते, माझा हात धरा. त्यांनी मान हलवली. "तू काडशील ती तुला दिसलेली आत्या. मला मी हवी व्हते."

अण्णा उंबऱ्यात उभे होते. त्या शनिवारी आपण काय खाल्लं हे त्यांना बहुधा तेव्हा कळलं. ते येऊन बहिणीपुढे बसले. किती तरी वर्षांनी ते तिच्या तोंडाकडे बघत असतील. "मला म्हाईत नव्हता," ते म्हणाले.

"तुला कदी काय म्हाईत व्हता रे?" असं म्हणून आत्याबाईंनी त्यांचा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत धरला. बराच वेळ सोडला नाही.

बिनडोळ्यांच्या मूर्तीची पूजा होत नाही. दुपारी त्या माझ्या खांद्याला धरून व्हाळापर्यंत आल्या आणि आपला गणपती त्यांनी तसाच पाण्यात सोडला. ना आरती, ना झांज. "मातीची माती," म्हणाल्या. माघात साध्या तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. त्यांचे डोळे मी मिटले. आधी डावा, मग उजवा.

पुढच्या नागपंचमीला गावचे पाट आले तसे अण्णा आत गेले आणि आत्याबाईंचा पाट घेऊन आले. तो उलटा मांडीवर घेतला. ब्रश धरलेला हात थरथरत होता, दुसऱ्या हाताने मनगट धरून त्यांनी एकेक अक्षर लिहिलं. 'चंद्रा'. वाकडीतिकडी अक्षरं. मला आत्याबाईंचं माहेरचं नाव तेव्हा कळलं. गावातल्या जाणत्यांनी नाकं मुरडली. एका घरात दोन गणपती कसे, बाई जाऊन वर्षही झालं नाही, असं म्हणाले. अण्णा म्हणाले, "घरं दोन हायत. येक माजा, येक चंद्रीचा. तिचा पडवीत हाय."

गावच्या मूर्तींचे डोळे ते मनगट धरून जमतील तसे काढणार होते. चंद्राच्या गणपतीच्या डोळ्यांसाठी मात्र त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. मी काही कलाकार नव्हे, पतपेढीत व्याज लावणारी बाई. पण तो डोळा वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यात बघत राहिला होता, त्यामुळे मीही त्याच्यात बघत राहिले होते. दुसऱ्या कोणाकडे तो आता नव्हता. उरलेला श्रावणभर मी आठळ्यांवर हात बसवला. भाजून एकटीने खाल्ल्या, अण्णा आठळीला हात लावेनासे झाले होते. आत्याबाईंचे शब्द कानात होतेच. मी काढीन ती मला दिसलेली आत्या. त्यांना हवी होती ती कोणालाच काढता येणार नाही, हे मला ठाऊक होतं, आणि ते आजही मला गिळवत नाही. तरी हरतालिकेला मी बसले आणि डोळे काढले.

अण्णा आले. मूर्तीसमोर खाली बसले. डाव्या डोळ्यात बघत राहिले.

"चंद्रे," त्यांनी हाक मारली.

त्या घरात त्या नावाची हाक मी पहिल्यांदा ऐकली. ओ द्यायला त्या नव्हत्या.

दीड दिवसाने मी गणपती डोक्यावर घेऊन व्हाळावर गेले. कमरेएवढ्या पाण्यात उतरून मूर्ती खाली टेकवताना दिसलं, उजवा डोळा माझ्याकडून जरा पाहुण्यांसाठीचाच झाला होता. आत्याबाई ते लगेच म्हणाल्या असत्या. मग शाडू सुटायला लागला आणि मी बघायचं सोडून दिलं. रीतीप्रमाणे पाटावर मूठभर वाळू घेऊन घरी आले. अण्णा उंबऱ्यात थांबलेच होते. त्यांनी पाट माझ्याकडून घेतला, वाळू न सांडता खालून बोटं फिरवून नाव चाचपलं.

"आली?" त्यांनी विचारलं.

"नाही अण्णा," मी म्हटलं. "पोचवून आले."